सगळेच ओरडत होते

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळाच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेची फायनल झाली, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्या व्हॉट्सॲपवर तो छोटा व्हिडिओ तरी नक्की आला असेल.

व्हिडिओत एवढंच दिसतं : लाँग-ऑनला उभा असलेला एक मुलगा अचानक मागे वळतो, बाउंड्रीची दोरी ओलांडून प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये घुसतो आणि समोर बसलेल्या मुलाच्या थोबाडीत मारतो. खुर्ची उलटते, आरडाओरडा होतो, कॅमेरा हलतो आणि व्हिडिओ संपतो.

व्हिडिओत जे दिसत नाही ते असं. तो फिल्डर १९ वर्षांचा. आपल्या मंडळातला नाही. एका संघात दोन खेळाडू कमी पडले म्हणून शेजारच्या वस्तीतून बोलावलेला. त्याचे वडील शेव-उसळीची लारी लावतात. मागच्या खुर्च्यांमधल्या मुलांना हे कळलं होतं. तीन ओव्हर त्यांचं चालू होतं, "ए उसळ, तर्री वाढ! ए उसळ, पाव आण!" त्यानं एकदा मागे वळून हात जोडले. त्यावर आणखी मोठा हशा झाला. मग अर्धी भरलेली पाण्याची बाटली त्याच्या पाठीत बसली.

ज्याला त्यानं मारलं तो मुलगा १३ वर्षांचा. त्यानं बाटली फेकली नव्हती. तो ओरडतही नव्हता. तो फक्त सगळ्यात पुढच्या रांगेत बसला होता. त्याचा ओठ फाटला, दोन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समितीची बैठक झाली. त्या मुलाचे बाबा संतापलेले होते आणि ते साहजिकच होतं. ते पोलिसांत जायचं म्हणत होते. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "बाहेरची पोरं आणली की असंच होणार." त्या फिल्डरवर आजन्म बंदी घालायची, यावर जवळपास एकमत झालं होतं. तेवढ्यात एका मावशींनी विचारलं, "आणि बाटली कोणी टाकली?"

कोणीच बोललं नाही. मग कोणीतरी म्हणालं, "ते आता कसं कळणार? गर्दी होती."

शेवटी अध्यक्षकाका माझ्याकडे वळले. "तू बीई ना? तुमच्याकडे सिस्टीम बंद पडली की तुम्ही रिपोर्ट लिहिता म्हणे, चूक कुठे झाली त्याचा. मग याचाही लिही. आठवड्यात दे."

मी हो म्हणालो. फायनलच्या दिवशी मी स्कोररच्या टेबलावर बसलो होतो, त्यामुळे मला नाही म्हणणंही अवघड होतं.

घरी आलो तर ताईचा मुलगा आलेला. वय १६. तोही त्या खुर्च्यांमध्ये होता, हे मला माहीत होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, तू पण ओरडत होतास?"

तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "मामा, मी काय एकटा होतो का? सगळेच ओरडत होते."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. एकदा अमेरिकेत, एका चांगल्या माणसाच्या तोंडून. आणि त्याच्याही खूप आधी एकदा, माझ्याच मनात.

२०१८ च्या हिवाळ्यात मी कामासाठी मिशिगनमध्ये होतो. डेट्रॉईटच्या उत्तरेला ऑबर्न हिल्स नावाचं गाव आहे. आजूबाजूला गाड्यांच्या कंपन्या, त्यामुळे आपल्याकडचे इंजिनिअरही बरेच. बर्फात गाडी चालवायची मला भीती वाटायची, म्हणून ऑफिसमधला एक स्थानिक सहकारी मला रोज सोडायचा. वाटेत एक प्रचंड बंद स्टेडियम लागायचं. द पॅलेस ऑफ ऑबर्न हिल्स. डेट्रॉईट पिस्टन्स हा बास्केटबॉलचा संघ तिथे खेळायचा. २०१७ मध्ये संघ शहरातल्या नव्या इमारतीत गेला आणि पॅलेस ओस पडला. पुढे २०२० मध्ये तो पाडलाच. मी पाहिला तेव्हा त्याचं पार्किंग बर्फानं भरलेलं होतं आणि एकही गाडी नव्हती. एकदा सहकाऱ्याला विचारलं, इथलं सगळ्यात गाजलेलं काय? मला वाटलं, एखादी जिंकलेली फायनल सांगेल. त्यानं सांगितली ती १९ नोव्हेंबर २००४ ची रात्र.

पिस्टन्स तेव्हाचे विजेते. समोर इंडियाना पेसर्स. सामना जवळजवळ संपलेला, पेसर्स ९७-८२ असे पुढे, घड्याळात ४५.९ सेकंद उरलेले. म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता. तेवढ्यात पेसर्सच्या रॉन आर्टेस्टनं पिस्टन्सच्या बेन वॉलेसला जोरात फाऊल केला. वॉलेसनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. दोन्ही संघांची ढकलाढकली सुरू झाली. आर्टेस्ट बाजूला झाला आणि स्कोररच्या टेबलावर चक्क आडवा पडला. भांडण जवळपास शांत होत आलं होतं.

मग प्रेक्षकांतून पेयानं भरलेला एक प्लास्टिकचा ग्लास आला आणि त्याच्या अंगावर आदळला.

सहा फूट सात इंच उंचीचा तो माणूस उठला आणि खुर्च्यांवरून उड्या मारत वर गेला. त्यानं पकडलं ते भलत्याच माणसाला. ग्लास फेकणारा शेजारीच होता. त्याच्या मागोमाग स्टीफन जॅक्सन गेला आणि त्यानं प्रेक्षकांना ठोसे मारले. काही प्रेक्षक कोर्टवर उतरले, त्यांतल्या एकाला जर्मेन ओनीलनं ठोसा मारला. कोणीतरी खुर्ची फेकली. पंचांनी उरलेला सामना खेळवलाच नाही. पेसर्सचे खेळाडू आत जायला निघाले तेव्हा बोगद्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर बिअर, पॉपकॉर्न, ग्लास, जे हाताला लागेल ते पडत होतं.

"मी त्या बोगद्याजवळ होतो," सहकारी म्हणाला. तेव्हा तो कॉलेजात होता. "माझ्या हातात पॉपकॉर्नचा डबा होता. मी तो टाकला."

"का?"

"माहीत नाही. सगळेच टाकत होते." थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्या आठवड्यात टीव्हीवर तेच तेच दाखवत होते. आई-वडील शेजारी बसून बघायचे आणि मी त्या गर्दीत स्वतःला शोधत असायचो. एकदाही दिसलो नाही."

हा माणूस ऑफिसमध्ये कोणाशी आवाज चढवून बोलत नसे. माझ्यासाठी रोज बर्फात दहा मिनिटं गाडी थांबवायचा. त्या रात्रीनं त्याला शिक्षा झाली नाही, होणारही नव्हती. पण चौदा वर्षांनंतर त्या बंद इमारतीवरून जाताना त्याला विजेतेपद आठवलं नाही, तो पॉपकॉर्नचा डबा आठवला. मलाही त्या वेळी एक गोष्ट सांगावीशी वाटली होती. मी ती सांगितली नाही.

आता मला रिपोर्ट लिहायचा होता. आमच्या कामात एखादी सिस्टीम कोसळली की आम्ही 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारतो. ही पद्धत मूळची टोयोटाच्या कारखान्यातली. सर्व्हर का बंद पडला? डिस्क भरली. का भरली? जुन्या फायली पुसल्या गेल्या नाहीत. का नाही? असं करत मुळाशी जायचं. त्यात एक नियम असतो : माणसाला दोष द्यायचा नाही, व्यवस्थेतली फट शोधायची. नियम चांगला आहे. दोष द्यायला लागलं की माणसं लपवायला लागतात आणि खरं कारण सापडतच नाही.

मी ती पद्धत आधी ऑबर्न हिल्सला लावून पाहिली. आर्टेस्ट प्रेक्षकांत का घुसला? त्याच्यावर ग्लास आला म्हणून. ग्लास का आला? प्रेक्षक चिडले होते, काही प्यायलेले होते. ते प्यायलेले का होते? कारण तिथेच बिअर विकली जात होती. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणी का नव्हतं? सुरक्षेची माणसं कमी पडली. निकाल लागलेल्या सामन्यात एवढा जोरात फाऊल का? या दोन संघांचं आधीचं वैर.

प्रत्येक उत्तर बरोबर आहे. आणि प्रत्येक उत्तरानं दोष एक घर पुढे सरकतो. खेळाडूकडून प्रेक्षकाकडे, प्रेक्षकाकडून बिअरकडे, बिअरकडून मालकाकडे, मालकाकडून इतिहासाकडे. पाचव्या 'का'पर्यंत पोहोचलो तेव्हा हातात एकही माणूस उरला नव्हता.

तेव्हा लक्षात आलं की मी दोन वेगळे प्रश्न एकाच कागदावर सोडवायला निघालो होतो. पहिला प्रश्न, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं? दुसरा, त्या वेळी कोणी काय केलं? पहिल्याचं उत्तर व्यवस्थेत सापडतं. दुसऱ्याचं उत्तर माणसाशिवाय सापडत नाही.

एनबीएनं, म्हणजे तिथल्या बास्केटबॉल लीगनं, दोन्ही प्रश्न वेगवेगळे सोडवले. एकीकडे नियम बदलले : बिअरच्या ग्लासचा आकार ठरवला, एका वेळी एकाला दोनच ग्लास, शेवटच्या क्वार्टरमध्ये विक्री बंद, प्रेक्षकांसाठी आचारसंहिता, खेळाडूंभोवती जास्त सुरक्षा. दुसरीकडे माणसांचा हिशेब झाला. नऊ खेळाडूंवर मिळून १४६ सामन्यांची बंदी आली. आर्टेस्टचा उरलेला अख्खा हंगाम गेला, ८६ सामने. खेळाडूंचा बुडालेला पगारच एक कोटी डॉलरच्या वर होता. पाच खेळाडूंवर खटले झाले. आणि पाच प्रेक्षकांवरही झाले. ग्लास फेकणाऱ्याला ३० दिवसांची कैद झाली आणि पिस्टन्सच्या सामन्यांना येण्याची कायमची बंदी.

नुकसान मात्र त्यांच्यापुरतं राहिलं नाही. पेसर्सचा रेजी मिलर त्या रात्री दुखापतीमुळे साध्या कपड्यांत बसला होता. १८ वर्षं एकाच संघासाठी खेळलेला माणूस. तो त्याचा शेवटचा हंगाम होता आणि त्या वर्षी त्यांचा संघ विजेतेपदाच्या लायकीचा होता. तो विजेतेपदाशिवायच निवृत्त झाला.

इंग्लंडमध्येही हे घडलं आहे. २५ जानेवारी १९९५ ला मँचेस्टर युनायटेडचा एरिक कांटोना लाल कार्ड मिळून बाहेर जात होता. एक प्रेक्षक अनेक रांगा उतरून खाली आला आणि त्याला शिव्या घालू लागला. कांटोनानं कठड्यावरून उडी घेत त्याला लाथ मारली. त्याच्यावर सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आली. न्यायालयानं आधी दोन आठवड्यांची कैद दिली आणि अपिलात ती १२० तासांच्या समाजसेवेवर आली. पण त्या प्रेक्षकालाही न्यायालयात उभं राहावं लागलं आणि तोही दोषी ठरला. एकाची चूक मोठी ठरली म्हणून दुसऱ्याची पुसली गेली नाही.

आपल्या क्रिकेटचं उदाहरणही आहेच. सप्टेंबर १९९७, टोरांटोमध्ये भारत-पाकिस्तान सामना. एक भारतीय पाठीराखा भोंगा घेऊन इंझमाम-उल-हकला 'आलू' म्हणून चिडवत होता आणि इंझमाम बॅट घेऊन प्रेक्षकांत शिरला. त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. कॉलेजच्या हॉस्टेलवर आम्ही हा किस्सा किती वेळा सांगितला असेल! प्रत्येक वेळी हसलो. बॅट घेऊन धावणं चूकच, त्यात शंका नाही. पण त्या किश्शात भोंगेवाल्यानं काय केलं, असा प्रश्न आमच्यापैकी एकानंही कधी विचारला नाही. तो आमच्यासाठी फक्त 'पब्लिक' होता.

खेळाडूची जबाबदारी जास्त असते, हे मला मान्य आहे. तो ताकदवान असतो, पैसे घेऊन खेळतो, राग गिळणं हा त्याच्या कामाचाच भाग असतो. पण तिकीट काढून खेळ बघायचा हक्क मिळतो. समोरच्या माणसाला वाटेल ते करायचा हक्क मिळत नाही.

एवढं लिहून मी थांबलो. कारण पुढचं लिहायचं तर मला माझ्याच गावात, माझ्याच वयाच्या सतराव्या वर्षात जावं लागणार होतं.

११ ऑक्टोबर २००७. नवरात्राच्या आदला दिवस. वडोदऱ्यात भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना. मी बारावीत होतो. बाबांनी कुठून कुठून ओळख काढून माझ्यासाठी तिकीट मिळवलं होतं. स्वतःसाठी मिळालं नाही, तरी खूश होते. आमच्या घरात क्रिकेट म्हणजे मोतीबाग, राजवाड्याच्या आवारातलं मैदान. विजय हजारे बडोद्याकडून खेळले, हे बाबा असं सांगायचे जसं काही ते आमचे आजोबाच. बडोद्याचं पब्लिक जाणकार, समोरच्या संघाच्या चांगल्या शॉटलाही टाळ्या वाजवणारं, यावर त्यांचा गाढ विश्वास होता.

सामना एकतर्फी झाला. भारत १४८ वर सर्वबाद, मिचेल जॉन्सनच्या पाच विकेट. ऊन रणरणत होतं, पाणी संपलं होतं, निराशा होती. अँड्र्यू सायमंड्स बाउंड्रीजवळ फिल्डिंगला आला. ओठांना पांढरं क्रीम, केसांच्या जटा. कुठूनतरी माकडाचे आवाज सुरू झाले. आधी लांबून, मग शेजारच्या रांगेत, मग आमच्या रांगेत. मित्र करत होते. मीही केले.

किती वेळ? दोन मिनिटं असतील. माझ्या मनात त्याच्याबद्दल काही राग नव्हता. उलट टीव्हीवर तो मला आवडायचा. तो एकदा वळून बघत होता, कोणाकडे ते कळलं नाही. मला फक्त आठवतं की तेव्हा मी जास्त जोरात आवाज काढला, कारण आता त्यानं बघितलं होतं.

नंतर वर्तमानपत्रांत बातमी आली. असं काही झालंच नाही, असं आधी सांगितलं गेलं. काहींनी तर तो मारुतीचा जयजयकार होता, असं स्पष्टीकरण दिलं. बाबांनी पेपर खाली ठेवून मला विचारलं, "तुमच्या बाजूला होतं का रे असं काही?"

मी म्हणालो, "नाही बाबा. आमच्या बाजूला नव्हतं."

१७ ऑक्टोबरला मुंबईत वानखेडेवर पुन्हा तेच झालं. तिथे पोलिसांनी काही प्रेक्षकांना बाहेर काढलं, त्यांचे फोटो छापून आले. ते फोटो बघून मला लाज वाटायला हवी होती. पण आधी वाटली ती सुटका.

पुढच्या जानेवारीत सिडनीचं प्रकरण झालं, ते तुम्हाला माहीत असेल. मग ४ मार्च २००८ ला ब्रिस्बेनमध्ये भारताविरुद्धच्याच सामन्यात एक माणूस कपडे काढून मैदानात धावत आला आणि सायमंड्सनं त्याला खांदा मारून आडवा केला. सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. मीही टीव्हीसमोर हसलो. त्याच वर्षी आयपीएलच्या लिलावात हैदराबादच्या संघानं त्याला साडेतेरा लाख डॉलरला घेतलं. पुढे मुंबईकडूनही तो खेळला. आम्ही त्याच्या षटकारांवर नाचलो. झालं गेलं, असं मला वाटलं.

बऱ्याच वर्षांनी त्यानं सांगितलं की सिडनीच्या त्या प्रकरणानंतर त्याची घसरण सुरू झाली, पिणं वाढलं. ते वाचलं तेव्हा माझ्यातला इंजिनिअर गणित करायला लागला. वडोदरा, नागपूर, मुंबई, सिडनी. किती मैदानं, किती प्रेक्षक, किती मिनिटं. त्यात माझ्या दोन मिनिटांचा वाटा किती? आकडा इतका लहान येतो की कॉम्प्युटरही त्याला शून्य धरेल.

आणि तिथेच माझी चूक होती. जबाबदारीचा भागाकार होत नाही. हजार जणांनी मिळून आवाज काढला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक हजारांश येत नाही. प्रत्येकानं एक अख्खा आवाज काढलेला असतो. बाउंड्रीवर उभ्या असलेल्या माणसाला त्या सगळ्यांची बेरीज ऐकू येते.

१४ मे २०२२ च्या रात्री ऑस्ट्रेलियात एका मोटार अपघातात सायमंड्स गेला. ४६ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर बातमी वाचली. ग्रुपवर सगळे श्रद्धांजली लिहीत होते. मी हात जोडल्याचं चित्र टाकायला गेलो आणि टाकलं नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याला उपदेश करायचा नव्हता. खरं तर मला कोणालातरी सांगायचं होतं आणि तो समोर होता. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, बाटली मी नाही टाकली. देवाशपथ. पण 'उसळ' मीच सुरू केलं होतं."

"बाटली कोणी टाकली माहीत आहे?"

त्यानं मान खाली घातली. मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्याचं नाव त्याच्याकडून काढून घेतलं असतं तर आम्ही पुन्हा तिथेच आलो असतो, दोष एक घर पुढे.

रिपोर्ट दोन पानांचा झाला. पहिल्या पानावर व्यवस्थेतल्या दुरुस्त्या. खुर्च्या दोरीपासून दहा फूट मागे. प्रत्येक बाजूला दोन मोठी माणसं. चिडवणं सुरू झालं तर खेळ थांबवायचा अधिकार अंपायरला. बाहेरून बोलावलेला खेळाडूही आपला पाहुणा आहे, हे सामन्याआधी माइकवर सांगायचं.

दुसऱ्या पानावर कोणी काय केलं ते. फिल्डरचं नाव होतं : दोरी ओलांडली, निर्दोष मुलाला मारलं. त्याखाली भाच्याचं नाव, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. त्याचं बघून आणखी दोन मुलांनी आपली नावं दिली. त्याखाली मी माझं लिहिलं : स्कोररच्या टेबलावर बसून तीन ओव्हर सगळं ऐकलं. एकदा हसू आलं. काही केलं नाही. शेवटची ओळ होती, 'बाटली टाकणारा :' आणि पुढे जागा कोरी. अध्यक्षकाका म्हणाले, तिथे 'अज्ञात' लिही. मी म्हटलं, तो अज्ञात नाही. त्याला स्वतःला माहीत आहे. जागा कोरीच राहू दे.

बैठकीत वाद झाला. एका काकांना वाटलं की मुलांची नावं लिहिणं म्हणजे घरची धुणी चव्हाट्यावर धुणं. पण मार खाल्लेल्या मुलाची आई म्हणाली, "माझ्या मुलाला कोणी मारलं ते मला माहीतच होतं. का मारलं ते आज कळलं. मारलं ते चूकच, पण आता मला झोप येईल." फिल्डरवर एक वर्षाची बंदी आली, आजन्म नाही. तो आणि त्याचे वडील त्या घरी जाऊन माफी मागून आले. पोलिसांत कोणी गेलं नाही. मंडळानं त्या फिल्डरला माफीचं पत्र द्यायचं ठरवलं आणि ते पोहोचवायचं काम भाच्यावर आणि माझ्यावर आलं.

आम्ही संध्याकाळी लारीवर गेलो. गर्दीची वेळ. तो प्लेट धूत होता. भाच्यानं पत्र पुढे केलं आणि म्हणाला, "सॉरी. मी सुरू केलं होतं." त्यानं हात पुसून पत्र घेतलं, वाचलं नाही, खिशात ठेवलं आणि म्हणाला, "ठीक आहे." एवढंच. मिठी वगैरे काही झालं नाही. त्याच्या वडिलांनी आग्रहानं दोन प्लेट दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. भाच्याला ती उसळ घशाखाली उतरत नव्हती, हे मला दिसत होतं. मलाही उतरत नव्हती. पण दोघांनी संपवली.

घरी आलो तेव्हा बाबा झोपाळ्यावर बसले होते. मी शेजारी बसलो आणि १८ वर्षांपूर्वीच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.

बाबा काही बोलले नाहीत. झोपाळा पायानं थांबवला. मग म्हणाले, "तेव्हा ऑफिसात मी चार जणांशी भांडलो होतो. म्हटलं, माझा मुलगा तिथे होता, तो सांगतो, आपल्या पोरांनी असं काही केलेलं नाही."

थोड्या वेळानं ते उठून आत गेले. झोपाळा मागे नुसताच हलत राहिला.

त्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीतली जागा मी हे लिहीपर्यंत कोरीच आहे. तुम्ही हे वाचत असाल, तर रिपोर्टची फाइल मंडळाच्या ऑफिसात अध्यक्षकाकांकडे आहे. पेन तिथेच ठेवलेलं असतं.